वेल्सचा डोंगर आणि आमचा बोडखा

आमच्या सदरसाबांना इंग्रजी येत होतं, पण ते फक्त एका डोंगरापुरतं.

धुकं, मेंढ्या, उतार, चुनखडी, शिंपले, पाटीचा दगड, एवढ्या गोष्टींविषयी ते इंग्रजीत तासभर बोलू शकत. ‘बसा’ आणि ‘पाणी घ्या’ मात्र त्यांना इंग्रजीत सांगता येत नसे. कारण ती भाषा ते ज्या एका पुस्तकातून शिकले होते, त्यात कुणी कुणाला बसा म्हणत नव्हतं आणि पाणीही विचारत नव्हतं.

त्या पुस्तकाची कथा अशी. जालन्याकडे रेल्वेची सडक पडत होती तेव्हा त्यांचे वडील एका गोऱ्या इंजिनेराच्या तंबूत खानसामा होते. हा गोरा वेल्स नावाच्या मुलखातला. त्याच्या गावामागं एक डोंगर होता आणि गावच्या पाद्र्यानं त्या एकट्या डोंगरावर पुस्तक लिहिलं होतं. डोंगर कुठून चढतो, कुठं उतरतो, पोटात कोणकोणते थर आहेत, सगळं. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं खानसाम्याला एक जुना कोट आणि हे हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक दिलं. कोट वडिलांनी झिजवला आणि पुस्तक मुलानं. डिक्शनरी शेजारी घेऊन एकेक शब्द फोडत त्यानं ते पाठ केलं. डोंगराचं नाव मात्र सदरसाबांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ते त्याला ‘वेल्सवाला’ म्हणत, आपण शेजाऱ्याला म्हणावं तसं.

निजामाच्या राज्यात हेडमास्तराला सदर मुदर्रिस म्हणत. आमच्या गावानं त्याचं सदरसाब करून टाकलं होतं. गाव भोकरदन तालुक्यातलं, पिंपळगाव रेणुकाईच्या अंगाचं. मी तिथं मराठीचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा विशीचाही नव्हतो. ते मला पंतोजी म्हणत.

एकदा तपासणीला खात्याचे मोठे साहेब आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथले सदर इंग्रजी जाणतात. साहेब खूश होऊन इंग्रजीतच विचारू लागले, शाळेत कोण कोण येतं? सदरसाबांच्या शेरवानीला घाम फुटला. हात बांधून ते ताठ उभे राहिले आणि त्यांच्यापाशी जे होतं ते त्यांनी दिलं.

“मुख्यतः मेंढ्या,” ते इंग्रजीत म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. रडू नव्हतं, हसू होतं. मग त्यांनी विचारलं, तब्येत कशी असते? सदरसाब म्हणाले, “उत्तरेचा उतार बहुधा धुक्यात असतो.” त्यापुढं साहेब बापडे उर्दूतच बोलले. शेरा मात्र चांगला लिहून गेले. “पंतोजी,” साहेबांचा टांगा दिसेनासा झाल्यावर सदरसाबांनी मला विचारलं, “मी काही गलत बोललो का?” मी म्हटलं, “न्हाई साब, बराबर बोललात. पोरं पाह्यली तर मेंढ्याच हायेत.”

त्यांचे सगळे खिसे खाली लोंबत, कारण खिशांत दगड असत. शिंप्याकडून त्यांनी शेरवानीला आतून गोणपाटाचे खिसे लावून घेतले होते. हातात छोटी हातोडी. रस्त्यानं चालता चालता खाली बसत, दगडाचा एक टवका उडवत, उजेडात धरत आणि मग, सगळ्या गावासमोर, तो चाटत. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस गेला कामातून. पण ती वेल्सच्या पाद्र्याची रीत होती. दगड ओला झाला की त्याचा खरा रंग दिसतो. आणि चिकणमातीची पुस्तकातली पहिली खूण अशी लिहिली होती की कोरडा खडा जिभेला लावला तर तो चिकटतो. “डोळा धोका देतो, पंतोजी. जबान धोका देत न्हाई,” असं ते म्हणत. आता जिभेनं धोका दिल्याची उदाहरणं गावात घरोघर होती, पण ते जिभेच्या दुसऱ्या कामाविषयी बोलत नसत.

गावामागं बोडखा होता. बोडखा म्हणजे आमचा डोंगर. माथा सपाट, झाड नावाला नाही, आणि अंगावर पायऱ्या पायऱ्या. वेल्सवाल्याच्या चित्रात तो डोंगर मधोमध कापलेल्या कांद्यासारखा दाखवला होता, थरावर थर, प्रत्येकाला वेगळा रंग. तसंच चित्र बोडख्याचं काढायचं, हा सदरसाबांचा ध्यास. एका फाटक्या नकाशाच्या पाठीवर त्यांनी ते काढलंही होतं. रंग विकतचे नव्हतेच. काळ्या पाषाणाच्या जागी त्याचीच पूड, मुरमाच्या जागी मुरूम, गेरूच्या जागी गेरू, डिंकात कालवून. वर्गात वारा आला की बोडखा थोडाथोडा जमिनीवर सांडे.

“वेल्सवाल्याच्या पोटात समुंदर हाय,” ते मुलांना सांगत. “शिंपले, गाळ, मासे. आणि आपल्या बोडख्याच्या पोटात आग. एकदा आग वाहिली, थंडी झाली. मंग वर माती बसली. मंग परत आग आली, ती माती भाजून लाल झाली. जितक्या पायऱ्या, तितक्या वेळा आग.” बोडख्यात एकही शिंपला सापडत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. मुलगी उजवताना बापाला वाटतं तसं, की पोरीत खोट नाही, फक्त रंग जरा सावळा.

त्यांच्याकडे एक वही होती. दगड कुठला, किती खोलीवरचा, रंग काय, चिकटतो की नाही, आणि शेवटच्या रकान्यात चाखणाऱ्याची सही. दोन नियम कडक. चाखल्याशिवाय लिहायचं नाही. आणि ज्याची सही त्यानंच खोडायचं, दुसऱ्यानं त्याच्या नोंदीला हात लावायचा नाही, मग तो सदर असो की सुभेदार.

रमजान आला की या कामाची पंचाईत होई. सदरसाब रोज्याचे पक्के. तोंडात खडासुद्धा घालणार नाहीत. पहिल्याच वर्षी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं आणि अवघडत म्हणाले, “पंतोजी, रोजा हाय. तुमी चाखता का?” मी ब्राह्मणाचा, ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून दगड त्यांनी आधीच माझ्याच तांब्यातल्या पाण्यानं माझ्याच हातून धुवून घेऊन वाळत टाकले होते. मी चाखले. एक चिकटला, तीन नाही चिकटले. त्यांनी लिहिलं, मी सही केली. ईदेला त्यांच्या घरून माझ्याकडे शिधा आला. कोरड्या शेवया, साखर, खारका, सगळं कच्चं, पुडीत बांधलेलं, म्हणजे मला माझ्या चुलीवर शिजवता यावं. इतकी माझ्या सोवळ्याची काळजी माझ्या आईनंतर त्यांनीच केली.

आता विहिरीचं सांगतो. आज त्या विहिरीला भर उन्हाळ्यात दीड परस, म्हणजे दीड पुरुष खोल, पाणी असतं. पण तिची गोष्ट सांगताना मला अजून मान खाली घालावी लागते.

गावात एकच आड होता आणि होळी झाली की तो तळ दाखवी. मग बायका कोसभर लांब नदीत झरे खोदायला जात. त्या वर्षी एक लेकुरवाळी बाई उन्हात डोक्यावर हंडा घेऊन येता येता वाटेत पडली ती उठली नाही. तेव्हा पाटील हलला. पाणाड्या बोलवायचं ठरलं, तो तळहातावर नारळ ठेवून शिवारभर फिरतो आणि नारळ उभा राहील तिथं खणा म्हणतो. सदरसाब चावडीवर गेले आणि जन्मात पहिल्यांदा गावाच्या कामात बोलले.

“पाटील, नारळाला काय मालूम? बोडख्याच्या पायथ्याला खणा. पाणी डोंगरातून उतरून राह्यलं. खाली गेरूचा थर हाय, तो रांजणाच्या बुडावाणी पाणी धरून बसला. गेरू लागला की थांबा. बूड फोडलं तर पाणी खाली पळून जाईल.”

“आन् न्हाई लागलं तर?” पाटलानं विचारलं.

“मंग मी हे गाव सोडून जाईन,” सदरसाब म्हणाले.

वडार आले. काळी माती गेली, मुरूम गेला, काळा पाषाण सुरुंगानं फुटला. खाली भोकाभोकांचा मऊ मांजऱ्या खडक लागला, आत पांढऱ्या गारगोट्या चमकत होत्या. सदरसाब काठावर लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले. आणि पाणी पाझरायला लागलं. घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. बायका काठावर येऊन नुसत्या बघत उभ्या राहत. पण गुडघाभर पाणी गावाला पुरणार नव्हतं, अजून थोडं खाली जायला हवं होतं. चौथ्या परसाला पहार लाल थरात घुसली.

लाल दोन जातीचं असतं, हे सदरसाबांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. लाल मुरूम असेल तर खुशाल खणा, पाणी वाढेल. गेरू असेल तर तिथंच थांबा. ओले असताना दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो वाळल्यावर, जिभेवर.

रोजे त्या साली चैत्रात आले होते. ढेकूळ वर काढून सदरसाबांनी रुमालावर उन्हात ठेवलं. तासाभरात ते विटेसारखं खणखणीत वाळलं. सगळा गाव काठावर जमलेला.

“मगरिबपर्यंत थांबू,” सदरसाब म्हणाले. “रोजा सुटला की मी चाखतो.”

वडारांचा म्होरक्या म्हणाला, “साब, आमाला उद्या सकाळी वाटूरच्या कामाला निघायचंय. उजेड हाय तवर काय ते सांगा.”

आणि मी, शहाणा, पुढं झालो. “कशाला थांबायचं? मी हाय ना.”

सदरसाबांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. इतक्या विश्वासानं माझ्याकडे नंतर फार थोड्या माणसांनी पाहिलं.

वडारानं ढेकूळ रुमालावरून उचललं, त्याचा एक तुकडा मोडला आणि घामेजल्या हातानं माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. आणि तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं. समोरच्या काठावर गावचे कुलकर्णी उभे होते. त्यांच्या मुलीशी माझं लग्न आठच दिवसांपूर्वी ठरलं होतं. ते माझ्या हाताकडे बघत होते. बंद दाराआड माझ्या तांब्यातल्या पाण्यानं धुतलेला दगड चाखणं वेगळं, आणि सगळ्या गावासमोर, सासऱ्यासमोर, वडाराच्या हातचा चाखणं वेगळं. जिभेपेक्षा मला माझी जात जास्त वळवळताना जाणवली. मी काठावरच्या बाभळीकडे तोंड फिरवलं. खडा ओठांपाशी नेला. तोंड मिटलेलंच ठेवलं. मनाशी म्हटलं, मुरूमच असणार, बोडख्यात मुरूमच जास्त. आणि वळून म्हणालो,

“चिकटत न्हाई.”

सदरसाबांनी वहीत लिहिलं. लाल. चौथा परस. जिभेला चिकटत नाही. मी सही केली. उरलेला खडा त्यांनी नेहमीप्रमाणे पुडीत बांधून खिशात टाकला आणि वडारांना ओरडून सांगितलं, “जाऊ द्या खाली!”

दिवस मावळायच्या आत लाल थर आरपार गेला. खाली काळा, भेगाळलेला, कोरडा दगड. सकाळी बायका हंडे घेऊन गेल्या तर विहिरीत चिखलसुद्धा नव्हता.

गाव गोळा झालं. कुणी ओरडलं नाही, ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पाटील फक्त म्हणाला, “सदरसाब, तुमच्या विलायती डोंगरानं आमची हीर पिऊन टाकली.”

सदरसाब म्हणाले, “गलती माझी हाय. पण अजून इलाज हाय. तोच गेरू कुटा, थरावर थर द्या, धुमसा, भोक बुजवा. पाणी परत बसंल.”

कुणीही ऐकलं नाही. ज्यानं बूड फोडायला सांगितलं तोच आता बुजवायला सांगतोय, कोण ऐकणार? मी तिथंच उभा होतो. माझ्या एका वाक्यानं त्यांचा शब्द परत उभा राहिला असता. बायका परत नदीच्या वाटेला लागल्या, रिकामे हंडे माझ्यासमोरून गेले. मी उपरण्याचं टोक पिळत राहिलो आणि कुलकर्ण्यांच्या बाजूला बघायचं टाळलं.

चार दिवसांनी ईद झाली. शिधा आला. शेवया, साखर, खारका. मी तो शिजवला आणि तसाच झाकून ठेवला.

अर्ज गेले, बदली आली. त्यांनी तसंही गाव सोडायचं कबूल केलंच होतं. एका बैलगाडीत बायको आणि ट्रंक, दुसऱ्या गाडीत दगड. नकाशाच्या पाठचा बोडखा त्यांनी शाळेला ठेवला. नव्या सदरानं तो भिंतीवरून काढला, कारण वर्गात धूळ पडते.

माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकू लागले. दर उन्हाळ्यात कोरडी विहीर ओलांडून बायका नदीला जात. त्यांत माझी बायकोही असे. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. ती पदरानं घाम पुसत हंडा उतरवून ठेवी आणि मी पाठ फिरवून तपासायच्या वह्या पुढं ओढी. पंधरावीस वर्षं मी असा शूर राहिलो.

मग एका उन्हाळ्यात थोरली मुलगी पहिल्यांदा डोक्यावर हंडा घेऊन निघाली, आणि मला राहवेना. सदरसाब पेन्शन घेऊन वडीगोद्रीला मुलाच्या दुकानामागं राहतात असं कळलं होतं. मी गेलो. त्यांचे गुडघे गेले होते, दाढी पांढरी झाली होती, खिसे तसेच लोंबत होते. मला बघून त्यांनी आधी बोडख्याची खुशाली विचारली आणि मग माझी.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. “साब, त्या दिवशी मी चाखलाच न्हवता.”

“मालूम हाय,” ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“त्या शामला रोजा सोडला. खजूर खाल्ला, पाणी पिलो. मंग खिशातली पुडी काढून खडा चाखला. चिकटला. तवर वडारांचं काम उरकून गेल्तं.” ते शांतपणे सांगत होते. “म्हणलं, आता आपली जबान चालवून काय फायदा?”

“मंग सकाळी सांगितलं का न्हाई? सगळा दोष स्वतःवर का घेतला?”

“गावात मास्तर दोनच. मी जाणारच व्हतो, तसा शब्दच दिल्ता. दोघांवरचाही भरोसा उठला असता तर पोरं कोणापाशी शिकली असती?” मग म्हणाले, “आणि नोंद तुमची व्हती, पंतोजी. मी कशी खोडणार?”

त्यांनी नातवाला हाक मारून ट्रंकेतून वही काढवली. तेच पान. लाल, चौथा परस, जिभेला चिकटत नाही, खाली माझी कोवळी, लफ्फेदार सही. शेजारी तीच पुडी, तिच्यात तोच खडा. मी टाकाकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“आधी चाखा. चाखल्याशिवाय लिहायचं न्हाई.”

मी खडा जिभेला लावला. तो असा चिकटला की सोडेना. मातीचा, पहिला सडा घातलेल्या अंगणाचा वास नाकात भरला आणि मी, दोन मुलींचा बाप, त्या म्हाताऱ्यासमोर रडलो. रडणं थांबल्यावर मी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि सही केली. ती काही लफ्फेदार आली नाही.

“भोक बुजवलं का गावानं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

त्यांनी खडा परत पुडीत बांधला आणि माझ्या हातात दिला. “हा घेऊन जा. काम झालं की परत आणून द्या. वहीतला हाय.”

मी गावात आलो तो थेट चावडीवर गेलो. पाटलाचा मुलगा आता पाटील होता. त्याला, आणि सापडतील तितक्या लोकांना, बोडख्याच्या पायथ्याशी विहिरीवर बोलावलं. माझे सासरे काठी टेकत आले आणि योगायोगानं त्याच काठावर उभे राहिले. बायको हंडा घेऊन नदीकडून येत होती, तीही थांबली. सगळ्यांच्या देखत मी पुडी सोडली, खडा जिभेवर ठेवला आणि हात सोडून दिला. तो पडला नाही.

“काय झालं, मास्तर?” पाटलानं विचारलं.

मी खडा ओढून काढला.

“चिकटतो,” मी म्हणालो. “त्या दिवशीबी चिकटला असता.”